एकही रकाना रिकामा नको

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून खुर्ची माझी. ‘मनुष्यबळ माहिती व्यवस्थापन प्रमुख’. पाटी दारापेक्षा लांब झालीय. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, म्हणजे नेमकं करणार काय तू? म्हटलं, कंपनीत तीस हजार माणसं आहेत. त्यांच्याबद्दल काय लिहून ठेवायचं, कोणी लिहायचं, कोणी बघायचं आणि लिहिलेलं खरं आहे की नाही, हे मी ठरवणार. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हणजे लोकांच्या उठाठेवी.” नणंद फिस्सकन हसली. मलाही हसू आलं, पण जरा लागलंच.

उठाठेव तर उठाठेव. आमच्या कंपनीने गेल्या काही वर्षांत दोन कंपन्या गिळल्या, त्यामुळे माणसांच्या नोंदी तीन ठिकाणी पडल्यात आणि तिन्हीकडे आनंदीआनंद आहे. एका फोरमनच्या तीन जन्मतारखा. एक हिशेबनीस एका ठिकाणी वारलाय आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला बढती मिळालीय. हे सगळं निवडून, धुऊन एका जागी आणायचं. आमचे संचालक मला म्हणाले, “तुमच्यासारखं काटेकोर माणूसच हवं होतं.” त्यांना मी मनातल्या मनात गोडबोल्या म्हणते, कारण ते एखाद्याला कामावरून काढतानासुद्धा आधी चहा मागवतात. तरी खूश झाले मी. उगाच खोटं कशाला लिहू?

मंगळवार, १४ जानेवारी

आमच्या बाथरूमला आतून कडी नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून नाही. विचारलं की नवरा म्हणतो, लाकूड सडलंय, कडी धरत नाही. आज मी सरळ सुताराला बोलावलं. त्याने दार ठोकून बघितलं आणि म्हणाला, लाकूड चांगलं ठणठणीत आहे. जुन्या कडीचे स्क्रू कोणीतरी व्यवस्थित काढून भोकं बुजवलीत. बसवून दिली त्याने.

संध्याकाळी नवऱ्याने ती काढून टाकली. म्हणे वाकडी बसली होती. मी चिडले, दोन शब्द जास्तच बोलले. सासूबाई मध्ये पडल्या, आपल्याच घरात कड्या कशाला लावायच्या म्हणाल्या. त्यांना काय! नणंद आंघोळीला गेली की या दाराबाहेर स्टूल टाकून बसतात आणि सारखं आपलं “आहेस ना गं?” चाळिशी उलटलेली बाई ती, पण तीही आतून निमूट “आहे, आई” म्हणते. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, मग आईच्या दृष्टीने लहानच राहिली असेल. मायलेकींचं हे प्रकरण माझ्या डोक्यावरून जातं.

बुधवार, २९ जानेवारी

दिवसभर बैठक. विषय : माणूस कंपनी सोडून गेला की कारण काय लिहायचं. जुन्या नोंदींत निम्म्या लोकांपुढे ‘इतर’ लिहिलंय. इतर म्हणजे काय? इतर म्हणजे लिहिणाऱ्याचा आळस. मी ‘इतर’ काढूनच टाकलं. राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी, कराराची मुदत संपली, मृत्यू. बास. यातलं एक निवडा. एका मुलीने विचारलं, मृत्यूचे दोन प्रकार करायचे का, कामावर असताना आणि एरवी? म्हटलं, किती वेळा लागणार आहे ते? कशाला गर्दी करायची.

आणि कोणी रकाना सोडून पुढे जायला लागलं तर पडद्यावर जे वाक्य येतं, तेही मीच घडवलं. आधीचं वाक्य फार मिळमिळीत होतं, ‘कृपया शक्य असल्यास’ वगैरे. माझं असं : ‘हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.’ कसं खणखणीत वाटतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रात्रपाळीच्या रकान्याने डोक्याला ताप दिलाय. ‘रात्रपाळीस पात्र : हो किंवा नाही’. इतकं सोपं. तरी गोदामांमधल्या शे-दोनशे माणसांपुढे काहीच लिहिलेलं नाही. ‘नाही’ लिहायचं तर डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. आणि ‘नाही’वाल्यांची नावं कपातीच्या वेळी आधी वर येतात हे मला ठाऊक आहे, पण कपात हा माझा विभाग नाही. पाळ्या लावणारी यंत्रणा रिकाम्या रकान्याचा माणूस रात्रीसाठी चक्क वगळते. म्हणजे ही मंडळी वर्षानुवर्षं दिवसपाळीत सुखाने राहतायत आणि बाकीच्यांनी रात्री जागायचं. मी सुपरवायझरांना पंधरा दिवस दिलेत. तोवर भरलं नाही तर सगळीकडे ‘हो’. नेमणूकपत्रात सगळ्या पाळ्या कबूल केलेल्या असतातच.

दुपारी मोठ्या गोदामाचा सुपरवायझर भेटायला आला. त्याला सगळे मामा म्हणतात. नणंद त्याच्याच हाताखाली पॅकिंगला आहे. बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, ते रकाने राहू द्या रिकामे. मी म्हटलं, भरायला विसरलात का?

“विसरलो नाही, मॅडम. ठेवलेत.”

का ठेवलेत, तर ते सांगेना. मला वाटायचं ते वाटलंच : आपल्या मर्जीतल्या लोकांना सांभाळतोय. नियम सगळ्यांना सारखा असं सांगून वाटेला लावला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवताना नणंदेने सहज विचारलं, “वहिनी, एखादाच रकाना रिकामा राहिला तर नाही का गं चालत?” मामाने पढवून पाठवलेलं दिसतंय. मी तिला छान समजावून सांगितलं, की रिकाम्या जागेत लोक वाटेल ते दडवतात. ती बरं म्हणाली. नवरा ताटातून वर बघेना. यांना माझ्या कामात काडीचा रस नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज घरात विचित्रच चाललं होतं. सकाळी नणंदेचं बोलणं जड येत होतं. जीभ चावली म्हणे, झोपेत. झोपेत कोणाची जीभ चावते? मग चहा पिताना मध्येच थांबली. कप तसाच हातात, नजर भिंतीवर, ओठ नुसते हलतायत. मी दोनदा हाक मारली. सासूबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. थोड्या वेळाने ती भानावर आली आणि मला म्हणाली, तू काही म्हणालीस का? काल मी तिच्या त्या ॲसिडिटीच्या गोळीवरून टोमणा मारला होता, इतकी वर्षं रोज कोण घेतं म्हणून. त्याचाच राग धरला असणार. या घरात कोणी तोंडाने भांडत नाही, सगळे गप्प बसून भांडतात.

सोमवार, ३ मार्च

झालं! तीस हजार माणसं, एका जागी, एकही रकाना रिकामा नाही. गोडबोल्यांनी केक आणवला, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. माझ्या हाताखालच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. शेवटचे ते शे-दोनशे ‘हो’ माझ्या एका आदेशाने भरले गेले. मामाने पंधरा दिवसांत एकही भरला नव्हता. हट्टी माणूस.

आता एक शेवटची सही उरली. जुन्या तिन्ही ठिकाणच्या प्रती माझ्या सहीने कायमच्या पुसायच्या. एवढी घाई नाही, सावकाश करीन. आज मन भरून आलंय, हे इथे लिहून ठेवते, कारण घरी सांगितलं तर कोणी फक्त “बरं” म्हणेल.

रविवार, ९ मार्च

नणंदेला रात्रपाळी लागली. वरच्या माळ्यावरचा माल उतरवायचं काम. घरात सुतकी शांतता. एरवी ही बाई रविवारीसुद्धा तक्रार न करता गोदामात जाते, मामाने बोलावलं की निघाली. आणि रात्रपाळी म्हटल्यावर तोंड पांढरं!

सासूबाई माझ्या खोलीत आल्या. त्या कधी येत नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या हातात आहे ना? तिची झोप मोडायला नको. तेवढं बदलून दे.” मी म्हटलं, आई, मीच नियम केला आणि मीच घरच्या माणसासाठी वाकवला तर उद्या मला कोण विचारील? काही कारण असेल तर सांगा. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने खिडकीकडे बघितलं. कारण काही नाही म्हणाल्या. नुसती झोप. अहो, झोप काय, माझीही मोडते.

मग नणंदच दारात आली आणि म्हणाली, राहू दे आई, जाईन मी. तिथेच उभी होती थोडा वेळ. मला वाटलं अजून काही बोलेल. पण माझ्या उशीचा अभ्रा सरळ केला आणि गेली.

जिवावर आलं होतं नाही म्हणताना. पण मी वाकले नाही, याचं बरं वाटतंय.

सोमवार, १७ मार्च

वन्सं गेली. गोदामात. लोखंडी जिन्यावरून.

सोमवार, २४ मार्च

लिहायला घेतलंय, कारण डोक्यात ठेवलं तर वेड लागेल.

तिच्या बरोबरची बाई येऊन सांगून गेली. नणंद वरच्या माळ्यावर होती, खोका उचलत होती. हाक मारली तर ओ देईना. नजर एका जागी थिजली, अंग ताठ झालं, हात झटकायला लागले आणि ती मागच्या मागे जिन्यावरून खाली पडली. फिट आली होती. मी म्हटलं, तिला फिट कशी येईल? ती बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग उठून गेली.

नवऱ्याला विचारलं. शाळेत असल्यापासून होतं म्हणाला. गोळीवर आटोक्यात असायचं, पण झोप मोडली की यायची. एकदा लहानपणी बाथरूममध्ये आली, कडी आतून, दार फोडावं लागलं. गोळी ॲसिडिटीची नव्हती. जीभ झोपेत चावली ती खरंच झोपेत चावली होती. मी सतरा वर्षं या घरात राहते, तिच्या समोर बसून जेवते.

मी ओरडले त्याच्यावर. मला का नाही सांगितलंत, मी परकी होते का, एक शब्द बोलला असतात तर. तो ओरडला नाही.

“तुला सांगितलं असतं तर तू नोंद केली असतीस.”

हो, केली असती. त्याच दिवशी केली असती, ‘नाही’ लिहून, दाखला जोडून, आणि वर तिला म्हटलं असतं, बघ, तुझ्याच भल्यासाठी. आणि पुढच्या कपातीत तिचं नाव पहिल्या पानावर आलं असतं.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. रागावलेल्यासारख्या नाही. मी तिथे नाहीच, अशा.

बुधवार, २ एप्रिल

कामावर गेले. गोडबोल्यांनी आधी चहा मागवला.

फार हळहळले. मग म्हणाले, दोन गोष्टी आहेत. चौकशी होणार. आजारी बाईला माळ्यावर चढवलं ते सुपरवायझरने, तेव्हा जबाबदारी त्याची. तुमचं नाव यात कुठे येऊ नये हे मी बघतो. मामाला काढणार, वर पोलिसांत तक्रार. दुसरी गोष्ट, ज्या लोकांचे रकाने आधी रिकामे होते त्यांची नावं काढून द्या. नव्या नोंदींत सगळेच ‘हो’ दिसतायत, कोणता आधीचा आणि कोणता नंतर भरलेला ते कळत नाही. जुन्या प्रती अजून तुमच्याकडे आहेत ना? त्यांच्यात सापडतील.

मी विचारलं, नावं कशाला हवीत?

“तपासणी करू त्यांची. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. आणि मग, कसं आहे, मानाने काहीतरी मार्ग काढू.”

चहा माझ्यासमोर तसाच राहिला. मला मामाचं बोलणं आठवलं. ठेवलेत. प्रत्येक सुपरवायझरने आपापली माणसं त्या रिकाम्या जागेत ठेवली होती. कोणाला फिट, कोणाला साखर, कोणाचं डोकं ठिकाणावर राहत नसेल. दडवतात म्हणून मी ज्या जागा बुजवल्या, तिथे माणसं होती. आणि आता त्या जागा कुठे होत्या हे मी एकटीच दाखवू शकते. सोमवारी देते म्हणून सांगितलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

मामाला गाठलं, गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वाटलं होतं शिव्या देईल. त्याने स्टूल पुढे सरकवलं. सांगितलं, नऊ मार्चला रात्री तुमची नणंद घरून आली तेव्हाच मी म्हटलं, खाली बस, वर जाऊ नको. पहिले काही दिवस खालीच ठेवली. मग वरून विचारणा आली, हिचं काम कमी का भरतं.

त्याला देवमाणूस समजून रडायला लागणार होते, तेवढ्यात रविवार आठवले. म्हटलं, ती दर रविवारी यायची ती का? मामाने जमिनीकडे बघत कबूल केलं. रकाने रिकामे ठेवलेल्या सगळ्यांना रविवारी फुकट बोलवायचा तो. कोणी नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर रकाना भरायला किती वेळ लागतो?

“माझ्यावर पण जोखीम होती, मॅडम,” म्हणाला.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण कोणत्या तोंडाने मारू? त्याने तिचे रविवार घेतले. मी काय घेतलं ते समोरच आहे.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी लवकर गेले आणि तीन कामं केली.

आधी तो रात्रपाळीचा रकाना उघडला. ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही काढले आणि सगळ्या गोदामांतल्या झाडून सगळ्या माणसांपुढे एकच पर्याय ठेवला : ‘सुपरवायझर ठरवेल’. धडधाकट पैलवानापुढेही तेच. म्हणजे आता कोणी वेगळं दिसत नाही. म्हणजे मामाचे रविवारही पुन्हा सुरू होणार, हे मला कळतंय. याहून चांगलं काही सुचलं नाही. सुचलं असतं तर केलं असतं.

मग जुन्या प्रती पुसायच्या आदेशावर सही केली. नियम माझाच, अधिकार माझाच, सगळं कायदेशीर. आयुष्यात मी एक कागद फाडला नाही, दुकानाच्या पावत्यासुद्धा जपून ठेवते. आज शे-दोनशे नावं कायमची गेली, त्यात वन्संचं पण गेलं.

शेवटी चौकशी समितीला पत्र दिलं. या कर्मचाऱ्याचा रकाना सुपरवायझरने जाणूनबुजून रिकामा ठेवला होता. भरू नका असं तो मला येऊन सांगून गेला. तरी मी भरला. खाली माझं नाव, हुद्दा, आणि हुद्द्याच्या खाली लिहिलं : मृत कर्मचारी माझी नणंद. 

गोडबोल्यांनी पत्र वाचलं. या वेळी चहा मागवला नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज माझा शेवटचा दिवस. राजीनामा गोडबोल्यांनीच लिहून ठेवला होता, मी फक्त सही केली. पुढे काय होणार माहीत नाही. वकील म्हणतो, माझ्यावर खटला उभा राहू शकतो. राहू दे. मामा चौकशीतून सुटला, त्याची नोकरी राहिली. मला येताना रस्त्यात दिसला, आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही.

निघायच्या आधी एक काम होतं. नणंदेची नोंद बंद केल्याशिवाय सासूबाईंना तिचे कागद मिळणार नव्हते, आणि ती नोंद दुसऱ्या कोणाच्या हातून मला बंद व्हायला नको होती. उघडली. फोटोत केस घट्ट बांधलेत आणि हसू दाबलंय. ‘सोडून जाण्याचं कारण’ आलं. पाच पर्याय. राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी, मुदत संपली, मृत्यू. यातलं कुठलंच तिचं नव्हतं. मी रकाना तसाच सोडला आणि पुढे जायचं बटण दाबलं.

हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. किती वेळ दाबत होते कोण जाणे. पलीकडच्या टेबलावरची मुलगी उठून आली, तिने माझा हात बाजूला केला, ‘मृत्यू’ निवडलं आणि जागेवर जाऊन बसली. तीच ती, बैठकीत दोन प्रकार करू या म्हणणारी.

घरी आले. नवरा अजून यायचा होता. अंगावर दिवसभराची धूळ बसल्यासारखं वाटत होतं, म्हणून आंघोळीला गेले. दार नुसतं लोटलं. पाणी सोडलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. रडत होते की नाही ते पाण्यात कळलं नाही.

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. गेल्या महिन्याभरात सासूबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

“आहेस ना गं?”

मी नळ बंद केला.

“आहे, आई,” म्हटलं.